गॅलरीची कडी

१८ ऑगस्ट, सोमवार

डायरी लिहिणं हे शाळेतल्या पोरींचं काम, असं माझं आजवर पक्कं मत होतं. पण तुकोगंजच्या दवाखान्यात सिगरेट सोडवणाऱ्या डॉक्टरबाई आहेत, प्राची नावाच्या, त्यांनी आज ही वही हातात ठेवली. "प्रतापरावजी, तलब आली की यात लिहायचं. आधी काय झालं, तलब कशी आली, तुम्ही काय केलंत. खरं लिहा, मी वाचणार नाही." वयानं माझ्या पूर्वाएवढ्या असतील. त्यांनी श्वासातला धूर मोजणाऱ्या एका यंत्रात फुंकायला लावलं, आकडा बघितला आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा फुंकायला लावलं. यंत्र ठीक होतं.

कॉलेजात लागली ती आजतागायत. कोणी सोड म्हटलं की मी मुद्दाम दोन जास्त ओढायचो. आता सोडतोय ते पूर्वासाठी. माझी एकुलती एक मुलगी. तिला जानेवारीत मुलगी झाली, यशोधरा, आम्ही यशो म्हणतो. पोरीची छाती नाजूक, जरा हवा बदलली की घरघरते. काल त्यांच्या घरी गेलो, हात पुढे केले, तर पूर्वा एक पाऊल मागे सरली. म्हणाली, "बाबा, तुम्ही सिगरेट सोडा. एकदम, पूरी तरह. मग देईन यशोला." बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. समीर, आमचा जावई, नाशिकचा. नोकरीसाठी इंदूरला आला, मराठी छापील बोलतो आणि आमची ऐकून गालात हसतो. हे खूळ त्याच्याच डोक्यातलं असणार.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, त्यांची तलवार माझ्याकडे आहे. घरात मूल जन्मलं की पहिल्या दसऱ्याला कर्त्या माणसानं त्याला मांडीवर घ्यायचं आणि त्याचा हात तलवारीच्या मुठीला लावायचा. माझा लावला होता. मी पूर्वाचा लावला, मुलगी म्हणून मागे ठेवलं नाही. यशोचाही लावणार. पूर्वाला मी तिथेच सांगून टाकलं, दसऱ्याला तुझी पोर माझ्या मांडीवर बसेल. ती म्हणाली, "सोडली असेल तर बसेल." मी जबान दिली. आता मागे फिरणं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बाईंनी सांगितलं होतं, आधी घरातलं सगळं सामान फेका, ॲशट्रे, लायटर, माचिस, सगळं. सकाळी तेच केलं. मी घरात कधी ओढत नाही, गॅलरीत ओढतो, म्हणजे सामान गॅलरीत असायला हवं. पण माचिसा कुठे कुठे सापडाव्यात? स्वयंपाकघराच्या दारावरच्या फळीवर एक, सोबत सुटी सिगरेट. देवाच्या फोटोमागे एक. न्हाणीघराच्या खिडकीत एक. पूर्वाच्या जुन्या खोलीत तिच्या अभ्यासाच्या टेबलाच्या कप्प्यात एक, पार सादळलेली. बायकोला, शोभनाला, विचारलं तर म्हणाली, "लाइट जाते ना, म्हणून." इंदूरला आता कुठे लाइट जाते? बायकांना वस्तू ठेवून विसरायची सवयच.

सगळं पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीकडे नेलं. गाडीवाल्याला विचारलं, "भिया, ये गीले में जाएगा के सूखे में?" तो हसला. शोभना दारात उभी होती, ती नाही हसली. म्हणाली, "एक तरी राहू द्यायची होती."

खरं म्हणजे मला तिचंच वाईट वाटतंय. लग्न झाल्यापासूनची तिची सवय आहे. माझं डोकं तापायला लागलं की माझ्याआधी तिला कळतं. आवाज चढायच्या आत हातात सिगरेट आणि माचिस. "जा, एक ओढून या." गॅलरीचं काचेचं दार उघडून देते आणि मी बाहेर गेलो की आतून कडी लावते, धूर आत येऊ नये म्हणून. ओढून झाली की मी काचेवर टकटक करतो, ती उघडते. पूर्वा लहान होती तेव्हा हे काम तिनं घेतलं होतं. मी जरा घसा खाकरला की फ्रॉक सावरत, धापा टाकत माचिस घेऊन हजर. बापाची एवढी काळजी कोणत्या पोरीनं केली असेल? आता या मायलेकींना माझ्यासाठी करायला काही उरलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तलब म्हणजे काय ते लिहून ठेवतो. आधी जीभ जाड होते. मग जबडा आवळतो, दातांवर दात. हातांना काहीतरी धरायचं असतं आणि धरायला काही नसतं. बाई म्हणतात, पाणी प्या, लांब श्वास घ्या, थोड्या वेळात लाट ओसरते. लाट ओसरते हे खरं. पण ती ओसरेपर्यंत समोर कोण उभं आहे, यावर बरंच अवलंबून असतं. निकोटीनचं च्युइंगगम दिलंय, ते चावून गालात धरायचं. मिरची लावलेलं रबर चावल्यासारखं लागतं.

मानपुरला हायवेवर माझा धर्मकाटा आहे. मुंबईकडे जाणारे भरलेले ट्रक तिथे वजन करून पुढे जातात. आज एक ड्रायव्हर खिडकीशी आला, तोंडात बिडी. "काका, तुम्हारा काँटा ज्यादा बता रिया है, ठीक करा लो." आणि धूर सरळ माझ्या तोंडावर. धूर नाकात गेला, काय सुख होतं ते, आणि त्या सुखानंच माझं डोकं फिरलं. गजांमधून हात घालून मी त्याची कॉलर धरली आणि ओढली. त्याचं कपाळ गजावर आपटलं. मी म्हणतो एकदा, काट्यावरचा लक्ष्मण म्हणतो पुष्कळदा. खिडकीच्या कठड्यावर रक्त सांडलं, पावत्या भिजल्या. लक्ष्मण माझ्याकडे जुना माणूस, त्यानं मागून कमरेला मिठी मारली. "भाऊसाब, छोड़ दो, मरी जायगो."

सोडला. ड्रायव्हर भुईवर बसून कपाळ धरून रडत होता, एवढा उंच माणूस. लक्ष्मणनं सवयीनं खिशातून बिडी काढून माझ्यापुढे धरली. मी त्याचा हात झटकला. तेवढ्या तापातही ओढली नाही, ही गोष्ट मात्र लिहून ठेवण्यासारखी आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. मोदक खाल्ला तर सारणातलं जायफळ कळलं. इतक्या वर्षांत शोभना जायफळ घालते हेच मला ठाऊक नव्हतं. जिभेवरचा पडदा निघाल्यासारखं झालंय.

दुपार मात्र वाईट गेली. झोप धड होत नाही, खोकला उलट वाढलाय, बाई म्हणतात फुप्फुस साफ होतंय. त्यात शोभनानं तिसऱ्यांदा विचारलं, "अहो, दूर्वा आणताय ना?" तिसऱ्यांदा. माणसाला एकदा सांगितलेलं कळत नाही का? ओट्यावरची लोणच्याची बरणी हाताशी आली, ती भिंतीवर गेली. तेल, कैरी, काचा, सगळं खाली. मी नको म्हणत असताना ती लगेच वेचायला बसली आणि काच तळव्यात घुसली. आधी हाताकडे बघितलंच नाही तिनं, माझ्याकडेच बघत होती. टाके घालावे लागले. दवाखान्यात तिनं सांगितलं, बरणी हातातून निसटली. तिला माझी इज्जत कळते.

भिंतीवरचा डाग निघत नाहीये. संध्याकाळी आरतीला पूर्वा आली, एकटीच. आईच्या हाताला पट्टी, भिंतीवर तेल. ती डागावर कॅलेंडर टांगून गेली. पोर समजूतदार आहे.

३ सप्टेंबर, बुधवार

दवाखान्यात शोभनालाही बोलावलं होतं. यंत्राचा आकडा खूप खाली आला. बाई खूश. म्हणाल्या, "बहुतेक लोक इथपर्यंत येत नाहीत." मग विचारलं, "चिडचिड होते का?" म्हटलं, होते, सिगरेट सोडल्यावर कोणाची होत नाही? "आणि आधी होती का?" आमचा घराण्याचाच स्वभाव तापट, मी सांगितलं, पण ते वेगळं.

बाई शोभनाच्या पट्टीकडे बघत होत्या. तिला म्हणाल्या, "वहिनी, घरी बाकी सगळं ठीक?" मी म्हणालो, "ठीक आहे." तिला परक्यांसमोर बोलायचा संकोच वाटतो. बाईंनी मग तिलाच एक गोष्ट सांगितली, माझ्याकडे न बघता. सिगरेट सुटल्याची चिडचिड पहिल्या दिवसांत जास्त असते, महिनाभरात बहुतेक निघून जाते. शोभनानं विचारलं, "आणि नाही गेली तर?" पूर्ण भेटीत ती तेवढंच बोलली.

१० सप्टेंबर, बुधवार

शेजारचा संजीव रोज माझ्या फाटकासमोर गाडी लावतो. आज सकाळी च्युइंगगम संपलं होतं, आणायला निघालो तर गाडी आडवी. हॉर्न वाजवला. हा बाहेर येऊन म्हणतो, "अरे भिया, दो मिनट की तो बात है, इतना क्या गरम हो रिये हो." हातात हेल्मेट होतं. आधी त्याच्या गाडीचा आरसा गेला, मग समोरची काच. तो मध्ये आला, मग त्याचं नाक. नाकाचं हाड मोडतं तेव्हा हाताला कळतं, हे मला आज कळलं. तो खाली पडल्यावरही मी थांबलो नाही, असं त्याची बायको ठाण्यात सांगत होती. मला तेवढं आठवत नाही.

ठाण्यात समझौता झाला. मी हवालदाराला सांगितलं, सिगरेट सोडली आहे म्हणून असं होतंय. तो म्हणाला, "अंकलजी, तो फिर पी ही लो." सगळे हसले. मीही हसलो.

आता फाटकासमोर कोणी गाडी लावत नाही. संध्याकाळी पूर्वाचा फोन. "बाबा, आईला थोडे दिवस माझ्याकडे पाठवा ना. यशोला सांभाळायला मदत होईल." पितृपक्ष चालू आहे, नैवेद्य कोण करणार? नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "बाबा, सिगरेट अगदीच बंद आहे का?" अभिमानानं सांगितलं, एकही नाही. "अच्छा," म्हणाली. मला वाटलं होतं, पोर जरा तरी शाबासकी देईल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण वही खोटी ठेवायची नाही.

जेवायला बसलो तर ताटाशेजारी सिगरेटचं पाकीट. नवं, सील न तोडलेलं. शोभना म्हणाली, "एक ओढा ना. पूर्वाला मी नाही सांगणार. देवाशपथ नाही सांगणार." मला वाटलं चेष्टा करतेय. तर डोळ्यांत पाणी. "तुम्ही ओढत होतात तेव्हा बरं होतं हो."

माणूस जिवाच्या आकांतानं वर चढतोय आणि खालून पाय कोण ओढतंय, तर घरची लक्ष्मी. मी विचारलं, "माझी नात माझ्या मांडीवर बसू नये असं तुला वाटतं का?" तिनं उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर मी थांबलो असतो. ताट उडालं, वरण भिंतीवर गेलं. माझा हात लागला तो फार नव्हता, पण ती मागे गेली आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. कानातलं तुटून पडलं. ते शोधायला मीच गुडघ्यांवर बसलो, सगळी फरशी चाचपली, फ्रिजखालून मीच काढून दिलं. तिनं हात पुढे केला, मी ते तिच्या तळव्यात ठेवून मूठ मिटून दिली. टाक्यांची जागा अजून लाल आहे.

पाकीट मी नळाखाली धरून भिजवलं आणि फेकलं. या निकोटीननं माझ्या घरात काय काय करून ठेवलंय. सोडताना माणसाला जनावर करतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज बरं वाटलं. सराफ्यात गेलो होतो, राजवाड्यापासून पायी, धाप लागली नाही. यशोसाठी चांदीचे वाळे घेतले. दुकानदारानं काचेवर ठेवले तर इतके एवढेसे, माझ्या अंगठ्यातही जाईनात. तो म्हणाला, "दादाजी, घुंगरू वाले लो, बच्ची चलेगी तो पता पड़ेगा." घुंगरांचे घेतले. रस्त्यात खिशात वाजत होते. गर्दीत एकानं धक्का दिला तरी मी काही बोललो नाही.

शोभनाला दाखवले. तिनं हातात घेऊन कानाजवळ नेले, हलवले. "गोड आहेत," म्हणाली. आज किती दिवसांनी ती माझ्याजवळ बसली.

३० सप्टेंबर, मंगळवार

जिंकलो. यंत्राचा आकडा आता कधीच न ओढणाऱ्या माणसासारखा आहे. बाईंनी त्या आकड्याची चिठ्ठी काढून दिली, पूर्वाला दाखवायला मी मागून घेतली.

निघताना बाई म्हणाल्या, "प्रतापरावजी, एक सांगू? आता जी चिडचिड उरली असेल, ती सिगरेटची नाही. त्यासाठी वेगळ्या डॉक्टरांशी बोलायला हवं. नाव देऊ का?" मी म्हणालो, "बाई, तुम्ही लहान आहात. एवढ्या वर्षांची सवय, सुटायला वेळ लागणारच." हसून नमस्कार केला. परवा दसरा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी तलवार राखेनं घासली, खोबरेल लावलं. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, शेजारी काट्याच्या चाव्या, शोभनाची विळी, झेंडू, आपट्याची पानं. दुपारी पूर्वा आणि समीर आले. यशोला खणाचं परकर-पोलकं. मी पूर्वाला चिठ्ठी दाखवली. तिनं वाचली, घडी करून परत दिली. "छान, बाबा." शाळेत मार्क कमी पडले की निकाल सांगायची, तो आवाज होता.

मी पाटाशी बसलो, तलवार म्यानातून काढून हातात घेतली. पूर्वा समोर उभी राहिली. तिनं शब्द दिला होता, आता देणं भाग होतं. ती वाकली. यशोचा पाय माझ्या गुडघ्याला लागला. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती. तिच्या अंगाचा वास आला, दुधाचा आणि पावडरीचा, आणि मला तो कळला कारण माझं नाक आता माझं झालंय. खिशात वाळे होते.

तेवढ्यात समीर म्हणाला, "बाबा, तलवार म्यानात ठेवली तर चालेल का? ती हात मारते सगळीकडे." मी म्हटलं, चार पिढ्या उघड्या तलवारीला हात लावतायत, कोणाचं बोट तुटलं नाही. "तरी पण," म्हणाला आणि वाकून त्यानं पाटावरच्या लाल कापडाचं टोक पात्यावर टाकलं. माझ्या घरात, माझ्या पणजोबांच्या तलवारीवर.

मी तलवार उगारली नाही. हे मी शपथेवर लिहितो. मूठ हातात होती, त्या मुठीनं त्याला बाजूला केलं. मूठ लोखंडाची आहे. ती त्याच्या तोंडावर बसली. तो मागे कोसळला, समई आडवी झाली, तेल पसरलं. ओठ फाटून रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं आणि दाताचा तुकडा झेंडूत पडला. मी उठून उभा होतो, पातं उघडं होतं, आणि तो खालून माझ्याकडे बघत एक हात डोक्यावर धरून मागे सरकत होता.

पूर्वा त्याच्याकडे गेली नाही. हीच गोष्ट डोक्यातून जात नाही. नवरा रक्तानं माखलेला, आणि ती यशोला कडेवर दाबून स्वयंपाकघराकडे धावली. दारावरच्या फळीवर हात फिरवला, वर न बघता. फळी रिकामी होती. मीच रिकामी केली होती. "आई, माचिस," ती ओरडली. तो आवाज मी ओळखला. फ्रॉकमधल्या पूर्वाचा होता.

शोभनानं कमरेला खोचलेला रुमाल सोडला. त्यात माचिस होती आणि एक सिगरेट, चपटी झालेली. किती दिवस ती अंगावर घेऊन फिरत होती, मला ठाऊक नाही. पूर्वानं सिगरेट माझ्या हातात कोंबली, काडी ओढली, ती मोडली, दुसरी पेटली. "बाबा, ओढा. आधी ओढा."

"तूच सोडायला सांगितलीस ना?"

"हो. दुसरं काही तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून सिगरेट म्हणाले." रडत नव्हती, भराभर बोलत होती. "आता ओढा ना, बाबा. तलवार ठेवा आणि बाहेर जाऊन ओढा."

काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली आणि विझली. यशो किंचाळत होती. मी तलवार पाटावर ठेवली. ठेवल्याबरोबर तिघांनी श्वास सोडला, तो मी ऐकला. शोभनानं गॅलरीचं दार उघडलं, मी बाहेर गेलो, मागे कडी लागली.

बाहेर आल्यावर लक्षात आलं, सिगरेट पेटलेलीच नाही. माचिस आत राहिली होती. धूर नव्हता, आणि तरी कडी लागली होती.

मी काचेतून आत बघत राहिलो. शोभना ओल्या फडक्यानं समीरचं तोंड पुसत होती. पूर्वानं दुधाची बाटली, दुपटं, औषध पिशवीत टाकलं, समई सरळ केली, तलवार उचलून कपाटावर मागे सरकवली. कोणालाच काही सांगावं लागत नव्हतं. किती वेळ मिळतो, आणि तेवढ्यात काय काय आवरायचं असतं, हे या दोघींना पाठ होतं. एक सिगरेट ओढून होईपर्यंतचा वेळ.

मग मला राग आला. माझ्या घरात मला कोंडता? मूठ वर गेली. ती काच एका ठोशाची होती. आत सगळे जिथे होते तिथे थांबले. कोणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं, सगळे माझ्या हाताकडे बघत होते. पूर्वाच्या खांद्यावरून यशोही.

तो हात खाली घ्यायला मला जेवढा जोर लागला, तेवढा सिगरेट सोडताना एकदाही लागला नव्हता.

ते गेले. जिन्यात यशोचं रडणं ऐकू येत होतं, मग गाडी सुरू झाली. पूर्वानं आईचा हात धरून ओढला होता, चल म्हणून. शोभना का थांबली ते मला माहीत नाही. विचारायची माझी लायकी नाही. ती काचेपाशी आली आणि एक हात कडीवर ठेवला. दुसरा काचेला टेकला होता, त्यावरची टाक्यांची खूण काचेला चिकटून पांढरी दिसत होती. मी टकटक केली नव्हती. "उघडू?" तिनं आतून विचारलं.

माझा जबडा अजून आवळलेला होता. सिगरेटचा चुरा होऊन मुठीत राहिला होता.

मी म्हणालो, "राहू दे, शोभना. अजून नको उघडूस."